स्क्रोल लॉक दोनदा

कीबोर्ड माझा होता, हे आधी सांगून टाकते. पुढे कुठे माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याला कारण माहीत असलेलं बरं.

तो मी टायपिंगच्या चाचणीसाठी घेतला होता. काळा, जाडजूड, कळा जरा खोल जाणाऱ्या. टाइपरायटर मशीनवर शिकलेल्या हाताला असाच लागतो. त्यावर मराठी अक्षरांचे स्टिकर मी चिमट्यानं एकेक करून बसवले. खरं तर मला त्यांची गरज नव्हती. एकोणिसाव्या वर्षी अकोल्याला डाबकी रोडवरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकले, आणि तिथले सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. नजर कागदावर, बोटं कळांवर, आणि दोघांनी एकमेकांच्या भानगडीत पडायचं नाही, असा त्यांचा कायदा. जी मुलगी हाताकडे बघेल तिच्या मशीनवर ते पट्टी आपटायचे. महिन्याभरात आमची बोटं आमची राहिली नाहीत.

ती किती आमची राहिली नाहीत, ते मला पुढे कॉम्प्युटरवर बसल्यावर कळलं. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि डावा हात उचलून कॅरेज ढकलावं लागायचं. कॉम्प्युटरला ना घंटी ना कॅरेज. तरी पहिले सहा महिने साठ-पासष्ट अक्षरं झाली की माझा डावा हात आपोआप वर जायचा आणि हवेत काहीतरी ढकलून परत यायचा. ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचे. तेव्हाच नीट विचार करायला हवा होता.

अमरावतीत एका कार्यालयात मी अकरा वर्षं कंत्राटावर डाटा एंट्री ऑपरेटर होते. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश निघायचा. एका वर्षी तो निघाला नाही. मग मी लिपिकाच्या जागेसाठी परीक्षा द्यायला लागले. लेखी परीक्षेत दोनदा आपटले. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा बेचाळीस पूर्ण झाली होती. आमच्या प्रवर्गाची वयाची सवलत धरली तरी पुढच्या जाहिरातीत मी बसणार नव्हते. म्हणजे ही शेवटची संधी. उरली होती फक्त टायपिंगची चाचणी. मराठी, मिनिटाला तीस शब्द, दहा मिनिटं. पास झाले तर निवृत्तीपर्यंत कोणी मला काढू शकणार नव्हतं. नापास झाले तर कायमची घरी.

अकोल्याला आईनं लेखीचा निकाल ऐकूनच विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. मी फोनवर म्हटलं, अगं, अजून टायपिंग बाकी आहे.

“टायपिंग त तुले येतेच ना वं,” आई म्हणाली. “त्याच्यात काय नापास होशीन?”

आईचा विश्वास मला नेहमीच फार जड जातो.

आता नवऱ्याबद्दल. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. घरात मी त्याला तुमी म्हणते आणि तो मला तू. तो आधी एका शोरूममध्ये हिशेब बघायचा. ते बंद पडल्यावर वर्षभर घरी होता. ते वर्ष कसं गेलं ते आम्हालाच माहीत. मग त्याला घरबसल्या काम मिळालं, विम्याचे कागद तपासायचं. कंपनीनं लॅपटॉप दिला. त्याचे वरचे सर हैदराबादला बसत आणि दिवसातून पाच-सहा वेळा कॉलवर घेत. त्या लॅपटॉपला तो जितका जपायचा तितका त्यानं मला कधी जपलं नाही, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, तुले काही झालं त कंपनी पगारातून कापत नाही.

आणि तोच लॅपटॉप त्यानं मे महिन्यात कूलरसमोर ठेवला. अमरावतीचा मे. कूलरसमोर बसला नाही तर माणूस वाळून जातो, हे कबूल. पण कूलरच्या जाळ्यांत नवीन वाळा भरलेला होता, पाणी जरा जास्त झालं होतं, आणि कूलर शिंतोडे टाकत होता. चार दिवसांत लॅपटॉपच्या तीन-चार कळा मेल्या. स्पेसबारही गेला, त्यामुळे त्याचे सगळे इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटून यायला लागले.

ऑफिसला कळवा, मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. कूलरसमोर ठेवलाच काऊन म्हणतीन, म्हणाला. त्याचा चेहरा त्या शोरूम बंद झालेल्या वर्षासारखा झाला होता, म्हणून मी जास्त बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या कीबोर्डची वायर काढली आणि लॅपटॉपला लावली. तासाभरासाठी दे, म्हणाला. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस. आयत्या बिळावर नागोबा, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो हसला आणि टाइप करत राहिला.

दर वेळी कोणीतरी टेबलाखाली शिरून वायर काढायची, दुसरीकडे लावायची. मग एका संध्याकाळी तो राजकमल चौकाजवळच्या दुकानातून एक डबी घेऊन आला. खलबत्त्यातल्या बत्त्याएवढीही नाही. तिच्या एका अंगाला माझा कीबोर्ड आणि माउस लावायचा, दुसऱ्या अंगानं दोन वायरी निघतात; एक त्याच्या लॅपटॉपला, एक माझ्या जुन्या कॉम्प्युटरला. कीबोर्डावर स्क्रोल लॉक नावाची कळ असते. जगात तिचा कोणालाच उपयोग नाही. ती दोनदा दाबली की डबीतून ‘टुक’ असा आवाज यायचा आणि कीबोर्ड एका कॉम्प्युटरवरून उठून दुसऱ्याकडे जायचा. पुन्हा दोनदा दाबली की परत. त्याला इतका आनंद झाला होता की पहिल्या दिवशी तो नुसताच टुक टुक करत बसला. एका पडद्यावरचा बाण मरायचा, दुसऱ्यावरचा जिवंत व्हायचा.

आईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुसरा कीबोर्ड काऊन नाही घेत वं?”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. टेबलावर जागा नाही. आठ दिवसांचाच प्रश्न आहे, मग हे ऑफिसकडे नवीन लॅपटॉप मागणारच आहेत. ती डबी आणली ना आता, तेवढ्यात कीबोर्ड आला असता, पण आणली. मी आणखी एक कारण सांगितलं, मग आणखी एक. एका प्रश्नाला इतकी उत्तरं द्यावी लागली की समजावं, खरं उत्तर त्यांच्यात नाही. खरं असं होतं, की त्याच्या कामावर घर चालत होतं आणि माझं काम अजून काम नव्हतं, ती प्रॅक्टिस होती. हे कोणी म्हटलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

तर आमची व्यवस्था अशी. पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर शेजारी शेजारी दोन पडदे. तो खुर्चीवर. त्याच्या उजव्या हाताला दिवाण, त्याच्या काठावर मी, मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड. तो कॉलवर नुसता बोलत असेल तेव्हा त्याला कीबोर्ड लागत नाही. तेवढ्या वेळात मी टाइप करायचं. सरांनी काही मागितलं की कीबोर्ड त्याला द्यायचा. झालं की परत घ्यायचा. मुलगी शिकायला नागपूरला असल्यामुळे घरात दोघंच, त्यामुळे हे जमत होतं.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ केला. तो कॉलवर होता, बोलत होता. मी कीबोर्ड घेतला, उतारा समोर ठेवला आणि सुरू झाले. ग्रामपंचायतीची कर्तव्ये असा उतारा होता. स्क्रोल लॉक मी दाबलं होतं, पण एकदाच दाबलं गेलं असावं. नजर कागदावर, बोटं कळांवर. पडद्याकडे बघायचं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. आख्खा परिच्छेद मी टाइप केला, परिच्छेद संपला म्हणून एंटर दाबलं, दुसरा सुरू केला. तो सगळा मजकूर त्याच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या ग्रुपच्या चौकटीत जात होता. आणि मराठीतही नाही. माझी बोटं मराठी कळा मारत होती, लॅपटॉप त्या इंग्रजी समजत होता. जे उमटलं त्याला कोणत्याच भाषेत अर्थ नव्हता. स्वल्पविराम, अर्धविराम, मध्येच मोठी अक्षरं, कंस. हैदराबादच्या सरांना वाटलं लॅपटॉपमध्ये कोणी चोर शिरला आहे.

नवऱ्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला तेव्हा मी दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर होते. तो इंग्रजीत काहीतरी बोलत होता, आणि मला एकच शब्द समजला. कॅट. घरातलं मांजर कीबोर्डवरून चालत गेलं, असं त्यानं सांगितलं होतं. आमच्या घरात मांजर नाही. सर मोठ्यानं हसले. तिकडचे बाकीचेही हसले असावेत. तेव्हापासून कॉल सुरू झाला की सर आधी विचारायचे, मांजर कसं आहे? आणि हा सांगायचा, फाइन सर, स्लीपिंग सर.

मी शेजारी बसून टाइप करत असायचे.

त्या दिवशी आम्ही दोघंही फार घाबरलो होतो. त्याची नोकरी गेली असती तर माझ्यामुळे गेली असती, आणि मी ते आयुष्यभर ऐकलं नसतं तरी आयुष्यभर मनात घेऊन हिंडले असते. त्यानं मग एक खूण ठरवली. कॉल चालू असताना ‘दे’ म्हणता येत नाही, हात केला तर कॅमेऱ्यात दिसतो. म्हणून सरांनी काही मागितलं की तो म्हणायचा, “येस सर, वन मिनिट.” सरांना त्यात काही वाटायचं नाही. मी ते ऐकलं की अर्ध्या शब्दावर थांबायचं, स्क्रोल लॉक दोनदा, पाट उचलून डावीकडे त्याच्यापुढे सरकवायचा. उताऱ्यावर जिथे होते तिथे डाव्या हाताचं बोट धरून ठेवायचं आणि बसायचं. त्याचं झालं की तो दोनदा दाबून कीबोर्ड माझ्या मांडीवर आणून द्यायचा, टुक वाजायचं, बोट उचलायचं, पुढे चालायचं.

पाच आठवडे हे चाललं. दिवसाला तीस वेळा, चाळीस वेळा. मी इतकी तयार झाले की मान वर करावी लागत नव्हती. त्याच्या ‘येस’मधला सूरच मला कळायचा. साधं ‘येस सर’ असेल तर बोटं चालत राहायची, आणि ‘येस’ जरा लांबलं की स्क्रोल लॉककडे निघायची. सरांना एकदाही थांबावं लागलं नाही. “मशीन हायेस तू,” तो म्हणाला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकं एकजीव काम आम्ही कधीच केलं नव्हतं.

पण जिवाला चैन नव्हती. टाइप करताना माझा एक कान कायम त्याच्या आवाजावर असायचा. उतारा शेतीचा आहे की सिंचनाचा, मला कळायचं नाही. स्वयंपाक करतानाही कोणी मोठ्यानं बोललं की हात थांबायचे. एकदा भाकरी थापताना खालच्या मजल्यावरचा माणूस फोनवर ‘येस सर’ म्हणाला आणि मी परात डावीकडे सरकवली. पीठ सांडलं. मी स्वतःशीच हसले आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या कॅरेज ढकलणाऱ्या हातानंतर नशिबानं मला दुसऱ्यांदा सांगून पाहिलं होतं.

वेग मात्र आला होता. घरी सलग दहा मिनिटं मिळाली की बत्तीस पडायचे, कधी तेहेतीस. अडचण एवढीच की सलग दहा मिनिटं फारशी मिळायची नाहीत.

चाचणीचं केंद्र अकोल्याला आलं. आदल्या दिवशी दुपारी मी बसनं निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी पर्समधून ओळखपत्र तिसऱ्यांदा काढून पाहिलं. मांडीवर पर्स होती आणि बोटं तिच्यावर टाइप करत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, बाई, हात दुखून राहिले का? मी हो म्हटलं.

आईनं सकाळी आलूपोहे केले. मला गिळेनात. आई समोर बसून राहिली आणि अर्धी बशी खाईपर्यंत उठली नाही. गल्लीतल्या चार घरांना तिनं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ऑटोत बसेपर्यंत मला चार दारांतून शुभेच्छा घ्याव्या लागल्या. पोरगी सरकारी नोकरीत चालली, असंच सगळे बोलत होते.

गावाबाहेरच्या एका कॉलेजची कॉम्प्युटरची खोली होती. एसी इतका, की बोटं गार पडली. मी ती काखेत धरून बसले. रांगेत माझ्या डावीकडे तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती, नखं कापून आलेली. माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक बारकासा पर्यवेक्षक फेऱ्या मारत होता. आमचे मोबाइल बाहेर ठेवून घेतले होते. त्याचा त्याच्या खिशात होता.

उतारा कागदावर छापलेला. पाणीपुरवठ्यावर होता. घंटा झाली आणि मी सुरू केलं. कीबोर्ड हलका होता, कळा उथळ, पण तिसऱ्या ओळीपासून हात बसला. नजर कागदावर. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललं होतं, ते मी बघितलं नाही. मला माझा वेग आवाजावरून कळतो. तो बत्तिसाचा होता. पाच मिनिटं होऊन गेली असतील, मी उताऱ्याच्या अर्ध्यापलीकडे होते आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, झालं, होतंय, निघालीस तू.

पर्यवेक्षकाचा फोन थरथरला. तो माझ्या मागेच उभा होता. त्यानं फोन कानाला लावला आणि हळू आवाजात म्हणाला, “येस सर. वन मिनिट.”

माझी बोटं अर्ध्या शब्दावर थांबली. उजवा हात वर गेला, स्क्रोल लॉक दोनदा दाबलं. कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि डावीकडे सरकवला. मग उताऱ्यावर डाव्या हाताचं बोट धरलं, उजवा हात मांडीवर घेतला आणि मी बसले.

खरं सांगते, त्या वेळी मला जराही भीती वाटत नव्हती. पाच आठवड्यांत एवढी निवांत मी कधी बसले नव्हते. माझं काम मी वेळेवर केलं होतं, आता त्याचं झालं की कीबोर्ड येणार होता. फक्त टुक असा आवाज आला नव्हता, एवढं मनाला खटकत होतं. म्हणून मी हात लांब करून आणखी दोनदा दाबलं आणि पुन्हा हात मांडीवर ठेवला.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. डावीकडच्या मुलीच्या कोपराला माझ्या कीबोर्डचा कोपरा लागला होता. तिनं न थांबता कोपरानं तो मागे ढकलला, थांबायला तिलाही वेळ नव्हता. पर्यवेक्षक फोन खिशात घालून माझ्यापाशी आला आणि वाकून म्हणाला, “काय झालं मॅडम? कीबोर्ड खराब हाय का? मशीन बदलून देऊ?”

तेव्हा मला कळलं की मी कुठे आहे.

या एका क्षणाबद्दल मी नंतर जितका विचार केला तितका आयुष्यात कशाचाच केला नाही. हो म्हटलं असतं तर त्यानं मला दुसऱ्या मशीनवर बसवलं असतं, पहिल्यापासून दहा मिनिटं दिली असती. सूचनेच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं. एक ‘हो’. माझ्या नवऱ्याला घामाघूम झालेला असताना मांजर सुचलं. मला नाही सुचलं. हातांवर रुमाल टाकणाऱ्या सरांची विद्यार्थिनी मी; मशीनबद्दल कोणी विचारलं की खरं सांगायचं एवढंच तोंडाला माहीत.

“नाही, चांगला हाय,” मी म्हटलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

त्यानंतर मी टाइप केलं ते केलं. एक ओळ सुटली, परत जाऊन घातली. घंटा झाली तेव्हा उताऱ्याच्या तीन-चार ओळी राहिल्या होत्या. बाहेर त्या मुलीनं विचारलं, कसा गेला ताई? मी म्हटलं, बरा. आईलाही बरा म्हटलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं की उतारा कठीण होता, जोडाक्षरं फार. तो म्हणाला, मुद्दामच देतात असे उतारे, त्याईले पोरं घ्यायचीच नसतात.

खरं का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर त्यानं मनाला लावून घेतलं असतं. आणि त्याच्या तोंडातले ते चार शब्द त्याला दिवसातून चाळीस वेळा म्हणावेच लागत होते.

निकाल सव्वा महिन्यानं लागला. यादी मी माझ्याच कॉम्प्युटरवर उघडली, तो शेजारी बसला होता. माझ्या क्रमांकापुढे अठ्ठावीस होते आणि पुढच्या रकान्यात अपात्र. मी ते दोनदा वाचलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उठून कणीक भिजवली. आईला फोन करायला मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, “जाऊ दे वं. माह्याच पेढ्याची नजर लागली.” तेव्हा मात्र मी रडले. पेढ्यांचा काय दोष होता.

त्यानंतरच्या रविवारी तो बाहेर गेला आणि नवा कीबोर्ड घेऊन आला. बिनवायरीचा. माझा जुना त्यानं ओल्या फडक्यानं पुसला, कळांच्या फटीतला कचरा काडीनं काढला, डबीतून वायर काढली आणि माझ्या कॉम्प्युटरला लावली. “आता तुहा तुले,” म्हणाला. “सोडू नको तू टायपिंग. कोर्टातली कामं मिळतीन.” डबी त्यानं ड्रॉवरमध्ये टाकली. मला त्याचा राग आला नाही. एवढी सोपी गोष्ट होती, आणि ती आधी मीही केली नव्हती.

कोर्टाजवळच्या एका वकिलांची प्रतिज्ञापत्रं मला मिळायला लागली. आठ-दहा दिवस झाले असतील. दुपार होती. तो कॉलवर होता, त्याचा कीबोर्ड त्याच्यापुढे. मी दिवाणावर, पाटावर माझा. मी प्रतिज्ञापत्राच्या तिसऱ्या कलमावर होते. तिकडे सरांनी काहीतरी मागितलं असावं.

“येस सर,” तो म्हणाला, “वन मिनिट.”

माझी बोटं अर्ध्या शब्दावर थांबली. स्क्रोल लॉक दोनदा. मी पाट उचलून डावीकडे सरकवला, कागदावर बोट धरलं आणि हात मांडीवर घेतला.

पाट त्याच्या कोपराला लागला. त्यानं खाली पाहिलं. माझा कीबोर्ड पाहिला, त्याची वायर पाहिली, जी सरळ माझ्या कॉम्प्युटरकडे जात होती. मग कागदावर धरलेलं माझं बोट पाहिलं. हसण्यासाठी त्याचं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

त्यानं माइकवर हात ठेवला. “अकोल्याले बी असंच झालं?”

मी मान हलवली.

“कोन म्हनलं?”

“सुपरवायझर. फोनवर.”

“मंग मले सांगितलं काऊन नाही?”

मी कागदावरचं बोट काढून घेतलं. त्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. हेडफोनमधून सरांचा बारीक आवाज येत होता. इतका वेळ उत्तर आलं नाही, म्हणून ते हसत विचारत होते, काय झालं, पुन्हा मांजर आलं का?

त्यानं हेडफोन परत कानाला लावला. त्याचं इंग्रजी तेवढ्यापुरतंच आहे, आणि त्या दिवशी तेही अडखळत होतं.

“नो सर,” तो म्हणाला. “देअर इज नो कॅट. माय वाइफ, सर.”

मग त्यानं पाट उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.